थंडीत गाडी उडी का मारते?

(रावेर येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज सकाळी तुम्ही या बैठकीला कसे येत होतात, ते आम्ही मंडपाच्या दारात उभे राहून पाहत होतो. काही मंडळी भुसावळ-खंडवा लाइनच्या गाडीने आली, काही फैजपूर-सावद्याकडून एसटीने आली. पण निम्म्याहून जास्त लोक मोटारसायकलवर आले. कोणी चोपड्याकडून, कोणी थेट अमळनेर-पारोळ्याकडून, पहाटे अंधारात निघालेले, कानाला मफलर गुंडाळलेले, हात गारठलेले. आपल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी आज मोटारसायकल म्हणजे चैन राहिलेली नाही. कापसाचे बियाणे तिच्यावर येते, खताची गोणी तिच्यावर येते, डेअरीवर दूध तिच्यावर जाते, आणि रात्री-अपरात्री घरातले माणूस आजारी पडले तर त्यालाही मधे बसवून तिच्यावरूनच न्यावे लागते.

बैल चारा खाईना तर आपण काय करतो? त्याचे कान चाचपतो, जीभ बघतो, शेण बघतो, काल काय खाल्ले ते आठवतो. मग डॉक्टरला बोलावतो. आणि गाडीला काही झाले तर? गॅरेजच्या दारात उभी करतो आणि एकच प्रश्न विचारतो, "किती होतील?" काय झाले, कधीपासून झाले, कशामुळे झाले, हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही.

कापसाच्या भावाबद्दल इतर वक्ते बोलणार आहेत. आम्ही आज एका लहान गोष्टीवर बोलणार आहोत. थंडीच्या दिवसांत सकाळी गाडी चालू केली, क्लच पूर्ण दाबला, पहिला गिअर टाकला, आणि गाडी खाडकन पुढे उडी मारून बंद पडली, असे किती जणांच्या बाबतीत होते? हात वर करा. बघा, अर्ध्या मंडपाचे हात वर आहेत. म्हणजे गोष्ट लहान असली तरी घरोघरची आहे.

एका घरात काय झाले

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. पालच्या रस्त्याला, सातपुड्याच्या पायथ्याशी आमच्या एका कार्यकर्त्याचे गाव आहे. कापूस आणि दादर पिकवणारा शेतकरी. जळगावला बैठक होती, म्हणून तो पहाटे पाचला उठला. त्या दिवसांत थंडी अशी होती की बागाईतदार केळीवर चरका येईल म्हणून रात्री बागेत धूर करत होते. याने अंगणात गाडी चालू केली. चोक ओढलेला होता. नऊ वर्षांची मुलगी बापासाठी अंगणाचे फाटक उघडायला पुढे गेली. याने क्लच दाबला, गिअर टाकला, आणि गाडीने उडी मारली. गाडी फाटकावर आदळली, फाटक मुलीवर आदळले. मुलीचा हात मोडला.

दवाखाना झाला, प्लास्टर झाले. सहा आठवडे ती पोर डाव्या हाताने लिहीत होती. पण त्याहून वाईट गोष्ट घरात झाली. सगळे म्हणाले, याने घाईत क्लच सोडला. बायको म्हणाली, म्हातारी आई म्हणाली, शेजारी म्हणाले. तो म्हणत राहिला की आपण क्लच सोडलेला नव्हता, मुठीत घट्ट धरलेला होता. कोणी ऐकेना. शेवटी त्यालाच वाटू लागले की आपल्याच हातून चूक झाली असणार.

तो गाडी गॅरेजला घेऊन गेला. तिथे सांगितले की क्लच प्लेटा गेल्या. नव्या प्लेटा टाकल्या, पैसे दिले. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडीने पुन्हा उडी मारली. आता मात्र तो आमच्याकडे आला. म्हणाला, "भाऊ, तुम्ही कॉलेज शिकलेले. पिकाचा रोग सांगता, मग हा कोणता रोग आहे ते सांगा."

आमची पदवी शेतकीची. मोटारसायकलीचा धडा आम्हाला कोणी शिकवलेला नव्हता. पण रोग ओळखायची पद्धत शिकवलेली होती. आम्ही बसलो, गाडीची पुस्तिका काढली, आणि आयुष्य गॅरेजमध्ये घालवलेल्या एका जुन्या मिस्त्रीला सोबत घेतले. तेव्हा जे कळले ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

क्लचच्या पोटात काय असते

आपल्या मोटारसायकलींचा क्लच बहुधा तेलात बुडालेला असतो. त्याच्या डब्यात प्लेटांची चळत असते. एक अस्तर लावलेली, एक साध्या पोलादाची, पुन्हा अस्तराची, पुन्हा पोलादाची, भाकरींची चळत रचावी तशी. अस्तराच्या प्लेटा इंजिनाबरोबर फिरतात. पोलादी प्लेटा गिअरबॉक्सला जोडलेल्या असतात. स्प्रिंगा ही चळत दाबून धरतात, म्हणून सगळ्या प्लेटा एकजीव होऊन फिरतात आणि इंजिनाची ताकद चाकापर्यंत जाते.

आपण क्लच दाबतो तेव्हा वायर ओढली जाते आणि चळतीवरचा दाब सुटतो. पण किती सुटतो? जेमतेम दीड-दोन मिलिमीटर. तेवढीच जागा सगळ्या प्लेटांमध्ये वाटली जाते. प्लेटांमध्ये सात-आठ फटी धरल्या तर एकेका फटीच्या वाट्याला मिलिमीटरचा चौथा-पाचवा हिस्सा येतो. एवढ्याशा फटीत तेल भरलेले असते.

आता थंडीत तेलाचे काय होते ते मायबहिणींना सांगायला नको. ज्या तेलाची उन्हाळ्यात धार लागते, तेच पहाटे जड होऊन ओघळते. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवा आणि वेगळ्या करून पाहा, किती जोर लागतो ते कळेल. रात्रभर गाडी उभी असते, स्प्रिंगांनी प्लेटा दाबून धरलेल्या असतात, आणि मधले तेल गारठून चिकट झालेले असते. सकाळी आपण क्लच दाबतो. दाब सुटतो, पण प्लेटा एकमेकींना सोडत नाहीत. इंजिन फिरत असते, म्हणून चाकही फिरू पाहते. पहिला गिअर पडला की गाडी उडी मारते. आपली मूठ घट्ट बंद असते आणि तरीही गाडी पुढे जाते.

म्हणजे आमचा कार्यकर्ता खरे बोलत होता.

दहा-पंधरा मिनिटे गाडी चालली की इंजिन तापते, तेल पातळ होते, प्लेटा मोकळ्या होतात आणि तक्रार नाहीशी होते. गॅरेज उघडते दहाला. तोपर्यंत गाडी तापलेली असते, मेकॅनिकला काही दिसत नाही, आणि मग अंदाजाने प्लेटा बदलल्या जातात. रोगी बरा झाल्यावर डॉक्टरकडे नेण्यातला हा प्रकार आहे.

दोन उलटे आजार

इथे एक फरक नीट ध्यानात घ्या, कारण पैसे इथेच वाया जातात.

क्लचला दोन आजार होतात आणि ते एकमेकांच्या उलट असतात. पहिला, क्लच घसरतो. म्हणजे इंजिन ओरडते पण गाडी ओढत नाही. पालच्या घाटात डबल सीट घेऊन चढताना आवाज वाढतो, वेग वाढत नाही, जळका वास येतो. हा प्लेटा झिजल्याचा किंवा वायर फार ताणल्याचा आजार आहे. दुसरा, क्लच सुटत नाही. दाबला तरी गाडी ओढतच राहते, उभ्या गाडीत न्यूट्रल सापडत नाही, गिअर टाकताना खाडकन आवाज येतो. हा आजार बहुधा प्लेटा झिजल्याने होत नाही. तो वायरीचा असतो, तेलाचा असतो, किंवा प्लेटा वाकल्याचा असतो.

गॅरेजला जाऊन आपण नुसते "क्लच खराब आहे" म्हणालो, तर समोरचा पहिला आजार धरून प्लेटा बदलतो. दोष त्याचा एकट्याचा नाही. आपणच अर्धे सांगितले.

कापसावर लाल्या आला म्हणजे आपण काय करतो? पाने लाल दिसली की दुकानात जातो आणि दुकानदार देईल ती बाटली आणतो. पण पान लाल व्हायला कारणे वेगवेगळी असतात. बोंडे भरताना नत्र किंवा मॅग्नेशियम कमी पडलेले असते, तुडतुडे रस शोषत असतात, जमिनीत ओल तुटलेली असते किंवा पाणी साचलेले असते, आणि त्यात रात्रीची थंडी पडते. थंडी पडली की पाने लाल होतात, म्हणून आपण थंडीला दोष देतो. पण ज्या झाडाच्या पोटात अन्न होते, ते त्याच थंडीत हिरवे राहिलेले असते. क्लचचेही तसेच आहे. त्याच पहाटे, त्याच गल्लीत, तशीच दुसरी गाडी उडी न मारता निघते. आपल्या गाडीत आधीपासून काहीतरी कमी पडते आहे आणि थंडीने ते उघडे केले आहे, असे समजा.

आधी तपासणी, मग पाना

तपासणी पहाटेच करायची, गाडी थंड असताना. गाडी सपाट जागी डबल स्टँडवर लावा, मागचे चाक जमिनीपासून मोकळे हवे. समोर भिंत किंवा माणूस नको, पोरे लांब ठेवा, उपरणे किंवा पदर चाकाजवळ नको. न्यूट्रलमध्ये गाडी चालू करा. क्लच पूर्ण दाबा, पहिला गिअर टाका. मागचे चाक हळू फिरेल. घाबरू नका, तेलाच्या ओढीने थोडे फिरणारच. आता क्लच दाबलेलाच ठेवून पायाचा ब्रेक हळू दाबा. चाक थांबले आणि इंजिन चालू राहिले, तर ओढ किरकोळ आहे. चाकाबरोबर इंजिनही गुदमरून बंद पडले, तर क्लच सुटत नाही.

हीच तपासणी गाडी अर्धा तास चालवून आल्यावर पुन्हा करा. थंड असताना ओढ आणि गरम झाल्यावर काही नाही, तर वायर आणि तेल तपासा. थंड असतानाही ओढ आणि गरम झाल्यावरही ओढ, तर वायर तपासा, आणि ती ठीक असेल तर क्लच उघडावा लागेल. गरम झाल्यावर ओढ वाढत असेल, तर प्लेटा वाकल्याचा संशय घ्या. आणि कालपर्यंत सगळे ठीक होते, आज एकदम बिघडले, तर वायरीचे धागे तुटायला लागले आहेत. अशा गाडीवर लांब जाऊ नका.

स्वस्तापासून महागाकडे

आता दुरुस्तीचा क्रम. ज्याला पैसे लागत नाहीत ते आधी.

पहिली गोष्ट, लिव्हरची ढिलाई. क्लचचे लिव्हर बोटाने हलकेच ओढा. काही अंतर ते मोकळे येते, मग जोर लागतो. हे मोकळे अंतर बहुतेक लहान गाड्यांत लिव्हरच्या टोकाशी 10 ते 20 मिलिमीटर असावे लागते, म्हणजे साधारण बोटाच्या जाडीइतके. तुमच्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत छापलेला असतो. अंतर त्याहून जास्त असेल, तर मुठीची निम्मी ओढ वायर ताणण्यातच जाते आणि प्लेटांची फट आणखी अरुंद होते. गरम तेलात तेवढे निभावते, थंड तेलात निभावत नाही. हँडलजवळचा आणि इंजिनजवळचा नट फिरवून ढिलाई बरोबर करा. पण ढिलाई अजिबात नको म्हणून वायर ताठ करू नका. तसे केले तर प्लेटांवर पूर्ण दाब बसत नाही, क्लच घसरतो आणि चांगल्या प्लेटा जळतात. एक आजार घालवताना दुसरा घरात येतो.

दुसरी गोष्ट, वायर. दोन्ही टोके काढून पाहा. टोकाच्या गोळीजवळ धागे तुटलेले आहेत का? वायर कुठे दुमडली आहे का? बाहेरचे आवरण फाटून आत धूळ-पाणी गेले आहे का? आपल्याकडची काळ्या मातीची धूळ आणि पावसाळ्याचे पाणी मिळून आत चिखल होतो. वायर धड असेल तर वरच्या टोकाला प्लास्टिकच्या पिशवीचे नरसाळे बांधा, त्यात थोडे पातळ तेल ओता आणि रात्रभर टांगून ठेवा. सकाळपर्यंत तेल खालून ठिबकते. लिव्हरच्या बोल्टलाही तेलाचा थेंब द्या. बोल्टचे भोक झिजून लांबट झाले असेल, किंवा गाडी पडून लिव्हर वाकले असेल, तरी ओढ वाया जाते. नवी वायर टाकायची पाळी आली तरी तिची किंमत क्लचच्या पूर्ण सेटच्या मानाने फार थोडी असते.

तिसरी गोष्ट, तेल. यावर थोडे सविस्तर बोलावे लागेल, कारण इथे आम्ही स्वतः चुकलो होतो.

आमची चूक

त्या कार्यकर्त्याने अपघाताच्या दोन महिने आधी आम्हाला विचारले होते, "घरी ट्रॅक्टरच्या इंजिनच्या तेलाचा डबा पडून आहे. गाडीत टाकू का?" आम्ही म्हणालो होतो, "टाका की, तेल ते तेल." विचार न करता दिलेले उत्तर. आम्ही विसरलो, पण त्याने ते ऐकले, कारण आम्ही शिकलेले.

ट्रॅक्टरचा क्लच बहुधा कोरडा असतो. तो इंजिनच्या तेलात नसतो, म्हणून ट्रॅक्टरच्या तेलाला क्लचशी देणेघेणे नसते. पूर्वी घरोघरी राजदूत होती, यझदी होती. त्या टू-स्ट्रोक गाड्यांत इंजिनाचे तेल पेट्रोलमध्ये मिसळायचे आणि गिअरबॉक्सला वेगळे तेल असायचे. 1985 मध्ये हिरो होंडाची सीडी 100 आली, 1994 मध्ये स्प्लेंडर आली, आणि फोर-स्ट्रोक गाड्या गावोगाव पोहोचल्या. 2011 मध्ये कंपनीचे नाव हिरो मोटोकॉर्प झाले, पण जुन्या गाड्या आजही आपल्या शेतरस्त्यांवर धावतात. या गाड्यांत इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच यांना मिळून एकच तेल असते. तेच तेल पिस्टनला थंड ठेवते, गिअरचे दात सांभाळते आणि क्लचच्या प्लेटांमध्ये जाऊन बसते. म्हणून "तेल ते तेल" हे चुकीचे आहे.

तेलाच्या डब्यावर 10डब्ल्यू-30, 20डब्ल्यू-40, 20डब्ल्यू-50 असे लिहिलेले असते. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितके ते तेल थंडीत लवकर वाहते. नंतरचा आकडा गरम इंजिनात तेल किती जाड राहते ते सांगतो. ज्या गाडीला कंपनीने 10डब्ल्यू-30 सांगितले आहे, तिच्यात 20डब्ल्यू-50 किंवा एकाच आकड्याचे जाड तेल टाकले, तर जानेवारीच्या पहाटे प्लेटा चिकटणारच. पण पातळ ते चांगले असा उलटा नियमही करू नका. ज्या गाडीला जाड तेल सांगितले आहे, तिला तेच द्या. पुस्तिका सांगेल ते खरे.

दुसरी खूण डब्यावर पाहा, जासो एमए. ओल्या क्लचच्या मोटारसायकलींसाठी जपानमध्ये 1998 साली हे मानक ठरवले गेले. मोटारकारच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात. कारला ती चालतात, पण आपल्या क्लचच्या अस्तराला ती निसरडे करतात आणि क्लच घसरू लागतो. एमबी खुणेचे तेल स्कूटरसारख्या, ओला क्लच नसलेल्या गाड्यांसाठी असते. गिअरच्या मोटारसायकलीला एमए किंवा एमए2 घ्या.

तेल किती आहे, हेही पाहा. कमी तेल इंजिनाचा घात करते हे सगळ्यांना माहीत आहे. पण खुणेच्या वर भरलेले तेल क्लचला जास्त ओढते, हे फारसे कोणाला माहीत नसते. आणि मुदत उलटून गेलेले, काळे, घट्ट झालेले तेल चांगल्या कंपनीचे असले तरी आता ते तेल राहिलेले नाही.

त्या गाडीत काय सापडले ते सांगतो. वायरीच्या खालच्या टोकाचे तीन धागे तुटलेले होते, म्हणून वायर लांबली होती. आणि इंजिनात आमच्या सल्ल्याचे जाड तेल होते. वायर अर्धी सुटका करत होती, उरलेली सुटका तेल होऊ देत नव्हते. प्लेटा दोन्ही वेळा निर्दोष होत्या. वायर बदलली, पुस्तिकेतले तेल भरले. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला आम्ही सगळे त्या अंगणात उभे होतो. त्याने गाडी चालू केली, क्लच दाबला, गिअर टाकला. टक् असा आवाज झाला आणि गाडी जागेवर उभी राहिली. घरातले सगळे ओट्यावर आले होते. आम्ही त्या मुलीसमोर आणि तिच्या आजीसमोर सांगितले की त्या दिवशी याने क्लच सोडलेला नव्हता, आणि ते तेल टाकायला आम्हीच सांगितले होते. म्हातारी काही बोलली नाही. आत गेली आणि चहा ठेवला.

एवढे करूनही नाही सुटला तर

वायर ठीक, ढिलाई ठीक, तेल नवे, आणि तरीही ओढ असेल, तर क्लच उघडावा लागेल. हे काम जाणत्या मेकॅनिकचे. पण काय पाहायचे ते आपण सांगायचे आणि समोर बसून पाहायचे. पोलादी प्लेटा आरशावर किंवा जाड काचेवर ठेवायला सांगा. कडेने फट दिसली, प्लेट डुगडुगली, तर ती वाकलेली आहे. प्लेटांचे दाते ज्या डब्याच्या खाचांत बसतात, त्या खाचांवर बोट फिरवा. तिथे खड्डे पडले असतील तर प्लेटा त्यात अडकतात, सरकत नाहीत. अशा वेळी नुसत्या प्लेटा बदलून काही होत नाही. स्प्रिंगा बदलायच्या तर सगळ्या एकदम, आणि बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे करून कसायचे. नव्या प्लेटा कोरड्या बसवू नका, आधी त्याच तेलात भिजत ठेवा. जुने भाग परत मागून घ्या. काय काढले ते आपल्या डोळ्यांनी पाहणे हा आपला हक्क आहे.

काही भाऊ दिवाळीनंतर सुरतेला कामाला जातात आणि गाडी दोन-तीन महिने घरी उभी राहते. तिच्या प्लेटा घट्ट चिकटलेल्या असतात. अशी गाडी एकदम चालू करून गिअर टाकू नका. इंजिन बंद ठेवा, वरचा गिअर टाका, क्लच पूर्ण दाबा आणि गाडी मागे-पुढे ढकला. आधी ती अडेल, मग एक झटका बसून चाक मोकळे होईल. ज्यांच्याकडे जुनी बुलेट आहे त्यांना माहीत असेल, क्लच दाबून धरायचा आणि चालू करण्याआधी दोन-चार किका मारायच्या. त्या गाडीत किक क्लचच्या मागून फिरते, म्हणून प्लेटा सुटतात. सगळ्या गाड्यांची रचना तशी नसते, तेव्हा बाकीच्यांनी ढकलण्याचीच रीत वापरावी.

रोज पहाटेची रीत

सगळे ठीक असलेल्या गाडीतही कडाक्याच्या थंडीत थोडी ओढ राहते. म्हणून ही रीत घरातल्या प्रत्येकाने पाळावी, गाडी नवी असो की जुनी. न्यूट्रलमध्ये चालू करा. एक-दोन मिनिटे तशीच चालू द्या. चोक असेल तर तो बंद करून इंजिन संथ होऊ द्या, कारण इंजिन जितक्या जोरात फिरते तितकी उडी मोठी. 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले, तेव्हापासूनच्या बहुतेक नव्या गाड्यांना चोक ओढावा लागत नाही. थंडीत इंजिनाचा वेग त्या आपणच थोडा वाढवतात, म्हणून तो खाली येईपर्यंत थांबा. क्लच पाच-सहा वेळा दाबून सोडा. मग ब्रेक धरा आणि ब्रेक धरूनच पहिला गिअर टाका. आणि गाडीसमोर कोणाला उभे राहू देऊ नका. फाटक आधी उघडा, गाडी नंतर चालू करा. पोराला टाकीवर बसवून गिअर टाकू नका.

भावांनो, या सगळ्याला एक पाना, थोडे तेल आणि पहाटेची दहा मिनिटे लागतात. आपण कोरडवाहू माणसे. एक बिनकामाचा खर्च भरून काढायला किती वेच कापूस लागतो, ते आपल्यालाच माहीत. कारण कळेपर्यंत खर्च करू नका, ना गाडीवर, ना पिकावर. आणि सल्ला देणारा कितीही शिकलेला असो, त्याला "का?" एवढे विचारा. आमच्या त्या कार्यकर्त्याने आम्हाला तेव्हा "का?" विचारले असते, तर आम्हाला विचार करावा लागला असता.

उद्या पहाटे डबल स्टँडवरची तपासणी करून पाहा. चाक थांबले की इंजिन थांबले, तेल कोणत्या आकड्याचे आहे, लिव्हरची ढिलाई किती आहे, हे एका कागदावर लिहा. पुढच्या बैठकीला तो कागद बरोबर आणा. ज्यांची गाडी ओढत असेल, त्यांच्याबरोबर आम्ही बैठकीच्या आधी तासभर पाना घेऊन बसू. मेकॅनिक भाऊ आपल्यातलेच आहेत, त्यांनाही बोलावू.

आता घरी जाताना गाड्या उन्हात तापलेल्या असतील, कोणाची उडी मारणार नाही. पण म्हणून गाडी बरी झाली असे समजू नका. खरे काय ते उद्या पहाटे कळेल.